परण्याला चालंल अशी गाडी

उघडी गाडी म्हणजे काय, हे आधी सांगून टाकतो. नाहीतर निम्मे वाचक तिला जीप समजतील आणि माझं सगळं सांगणं वाया जाईल. जीपची ताडपत्री काढली की ती उघडी होते, पण ती उघडी गाडी नव्हे. उघडी गाडी म्हणजे लांबलचक, बसकी, परदेशी मोटार. तिचं कापडी छत मागं दुमडून ठेवता येतं आणि मागच्या सीटच्या पाठीवर माणूस ऐटीत बसू शकतो. जिथं ती तयार झाली तिथले लोक म्हणे तीत बसून समुद्राच्या कडेनं वारा खात फिरतात. आमच्या बीड जिल्ह्यात समुद्र नाही, आणि वारा खायला मोटार कशाला लागते? आमच्याकडं तिचा उपयोग एकच, तो म्हणजे परण्या.

लग्नाआधी नवरदेव वाजतगाजत मारुतीच्या दर्शनाला जातो, त्याला आम्ही परण्या म्हणतो. पुढं बँड, बँडमागं नाचणारे, नाचणाऱ्यांमागं नवरदेव आणि त्याच्यामागं घामाघूम पाहुणे. मारुती असतो हाकेच्या अंतरावर, पण तिथं पोचायला दुपार जाते. नाचणारे दोन पावलं पुढं येतात आणि एक मागं जातात. भटजी मांडवात घड्याळ बघून हातवारे करत असतात आणि नवरदेवाचे मित्र ‘अजून एक गाणं’ म्हणून बँडवाल्याच्या अंगावर ओरडत असतात. आमच्या धंद्यात गाडीची पारख पळवून करतात. परण्याच्या गाडीची पारख न पळवता करायची असते, आणि ते किती अवघड आहे हे मला एका घोडीवाल्यानं दाखवलं. त्याचीच ही हकीकत.

माजलगावात माझं गॅरेज होतं. आता मुलगा बघतो. मी खुर्ची टाकून बसतो आणि त्याच्या चुका काढतो. तरुणपणी मुंबईत एका गॅरेजात होतो, तिथं परदेशी मोटारी यायच्या, त्यांतल्या काही ऑटोमॅटिक मी उघडून जोडलेल्या. गावी आल्यावर ती विद्या पेटीत पडून राहिली. इथं कोण आणणार ऑटोमॅटिक? इथं जीप, मेटाडोर, ट्रॅक्टर. मग नव्वदनंतरचे ते दिवस आले. बाजारात रोज काहीतरी नवं उतरायला लागलं. घरांवर डिशच्या छत्र्या, कोपऱ्यावर एसटीडीचं खोपटं, पोरांच्या बुडाखाली चकचकीत मोटारसायकली. एका गिऱ्हाईकानं तर नव्याकोऱ्या मोटारीला ट्रॅक्टरचा भोंगा बसवून मागितला. का, तर म्हणे, ‘रस्त्यावरच्या म्हशींना हिचा आवाज समजत न्हाई.’ बसवून दिला. टीव्हीवर मोठ्या लोकांची लग्नं दिसू लागली, आणि बघता बघता नवरदेवांना घोडी जुनाट वाटायला लागली.

त्याच काळात एका सकाळी दिंद्रुडचे शिवलिंगआप्पा गॅरेजवर आले. आप्पांचा मांडव, भांडी आणि बँड असा लग्नाचा सगळा कारभार. कपाळावर भस्म, नेसणीला पांढरं धोतर, बोलणं कमी आणि पक्कं. त्यांच्याबरोबर खाजाभाई होता. आजूबाजूच्या गावांत खाजाभाईची घोडी ठाऊक नाही असं घर नव्हतं. आप्पांचा बँड आणि खाजाभाईची घोडी ही जोडी ठरलेली. तरुणपणी विहिरीच्या कामावर दरड अंगावर आली, तेव्हापासून खाजाभाईचा डावा पाय गुडघ्यात वाकत नव्हता आणि त्या पायात जोरही नव्हता. पण लगाम हातात घेऊन नवरदेवापुढं चालायला लागला की तो लंगडतोय हे कुणाच्या ध्यानात यायचं नाही. घोडीच त्याच्या पावलाला पाऊल लावायची.

आप्पा म्हणाले, “मिस्त्री, लोकं उघडी मोटार मागायलेत. घोडी बी थकली. हैदराबादला जुन्या गाड्यांचा एक दलाल हाय, त्याच्याकडं दोन हायत म्हणं. चला बघायला.”

“चला की. ड्रायव्हर कोण ठेवणार?”

आप्पांनी खाजाभाईकडं बोट केलं.

मी म्हणालो, “आप्पा, ह्यांचा डावा पाय... क्लच कसा दाबणार?”

“ते मला ठावं असतं तर तुमच्याकडं कशाला आलो असतो?” आप्पा म्हणाले. “गाडी कंची बी घिऊ, पर ती खाजाभाईला चालवता आली पायजे. न्हाई आली तर गाडी घ्यायची न्हाई. इतके वर्सं नवरदेवाच्या पुढं ह्यो माणूस चाललाय. आता मोटार आली म्हणून ह्याला घरी बसवू काय?”

खाजाभाई खाली बघत होता. हळूच म्हणाला, “आप्पा, तुमी धंदा बघा. माझं काय, बकऱ्या पाळीन.” ते ‘बकऱ्या पाळीन’ त्यानं असं म्हटलं की त्या बकऱ्या त्याला नको आहेत हे मला दिसलं. धंद्यात मी नाना तऱ्हेची गिऱ्हाइकं बघितली. कुणाला गाडीचा रंग पाहिजे, कुणाला नंबर पाहिजे, कुणाला शेजाऱ्यापेक्षा मोठी पाहिजे. जुन्या माणसाला चालवता आली पाहिजे अशी अट घालून गाडी शोधणारं गिऱ्हाईक मी आयुष्यात एकच पाहिलं.

मी म्हणालो, “त्या दोन गाड्या ऑटोमॅटिक असतील तर जमेल. त्यांत क्लचच नसतो.”

हैदराबादला पोचलो. दलालाच्या आवारात चिंचेखाली दोघी उभ्या होत्या, एक हिरवी आणि एक सायीच्या रंगाची. कुणा नवाबांच्या घरात वर्षानुवर्षं झाकून ठेवलेल्या. नव्या गाड्या मिळायला लागल्यावर पुढच्या पिढीनं त्या विकायला काढल्या होत्या. काय गाड्या होत्या! दार लावलं की तिजोरी लावल्यासारखा आवाज. शेपटाकडं मासोळीसारखे पर. खाजाभाईनं आधी दोघींच्या नाकाडांवरून तळहात फिरवला, मग मागं जाऊन बघितलं, मग म्हणाला, “जनावर चांगलं हाय.”

दोन्ही ऑटोमॅटिक निघाल्या, पण दोघींच्या पोटात जमीन-अस्मानाचा फरक होता. ऑटोमॅटिक म्हणजे काय ते साध्या शब्दांत सांगतो. टेबलावर दोन पंखे समोरासमोर ठेवा आणि एकच चालू करा. त्याच्या वाऱ्यानं दुसरा आपोआप फिरायला लागतो. ऑटोमॅटिकमध्ये असेच दोन पंखे असतात, फक्त वाऱ्याच्या जागी तेल असतं. एक पंखा इंजिनाचा आणि दुसरा चाकांचा. गाडी उभी राहिली तरी इंजिन बंद पडत नाही. मधल्या मधे तेल घुसळत राहतं. म्हणून क्लच नाही, डाव्या पायाला काम नाही. हिरवीला पुढं जायचे चार गिअर, आणि ते ती स्वतःच बदलणार. सायवालीला फक्त दोन.

मी मनाशी ठरवून टाकलं की हिरवीच घ्यायची. चार गिअर म्हणजे तेल कमी घुसळणार, गाडी कमी तापणार, पेट्रोलही कमी पिणार. यंत्र म्हणून हिरवी कितीतरी सरस. आप्पांना मागच्या सीटच्या पाठीवर, नवरदेवाच्या जागी बसवलं आणि हिरवी बाहेर काढली.

रस्त्यावर एक सायकलवाला आडवा आला. मी वेग कमी करायला गेलो आणि सवयीनं डावा पाय क्लचवर मारला. क्लच कुठला? तिथं ऑटोमॅटिकच्या ब्रेकचा पाट असतो, चांगला वीतभर रुंद. गाडी जागच्या जागी रुतली. आप्पा सीटच्या पाठीवरून घसरून पुढच्या सीटवर माझ्या शेजारी येऊन पडले आणि त्यांची टोपी काचेला जाऊन लागली.

आप्पांनी टोपी झटकली, डोक्यावर घातली आणि शांतपणे म्हणाले, “मिस्त्री, मुंडावळ्या बांधलेल्या असत्या तर काचंसंगच लगीन लागलं असतं माझं.”

मी ओशाळलो. अहो, क्लचवर आयुष्य काढलेल्या प्रत्येक माणसाचं हेच होतं. डोक्याला कळलेलं असतं, पायाला कळत नाही. पुन्हा निघालो, आणि पुढच्या वळणावर तीच गंमत. मागच्या सीटवरचा दलालसुद्धा तोंड फिरवून हसला.

मग खाजाभाईला बसवलं. आयुष्यात पहिल्यांदा मोटारीच्या चाकामागं. त्यानं डावा पाय दोन्ही हातांनी उचलून आत घेतला आणि कडेला ठेवून दिला. उजवा पाय कधी ब्रेकवर, कधी रेसवर. आवारात एक फेरी मारली, दुसरी मारली. डावा पाय ठेवला तिथं पडून होता. त्याला क्लचची सवयच नव्हती आणि मधे येण्याइतका जोरही नव्हता. मला जी चूक दिवसभर सोडवली नाही ती त्याच्याकडून होणं शक्यच नव्हतं. मी ओरडलोच, “खाजाभाई, ही गाडी तुमच्याचसाठी बनवली की हो!”

खाजाभाई हसला. मग गाडीतून उतरला आणि म्हणाला, “मिस्त्री, आता तुमी बसा. मी हिला चालवून बघतो.”

“आता चालवलीत की.”

“ते फिरवलं. चालवलं न्हाई.”

मी हिरवीत बसलो. खाजाभाई बाजूला उभा राहिला, दारावर डावा हात ठेवला, लगाम धरतात तसा, आणि उजव्या हाताच्या बोटांनी पत्र्यावर ठेका धरला. परण्यात बँडचा असतो तोच, संथ. “माझ्या पावलानं चला,” म्हणाला आणि चालू लागला. मी गाडी त्याच्या पावलानं नेत राहिलो. थोडं गेलो की गाडीनं आपल्या आपण पहिल्याचा दुसरा केला, आणि झटका बसला. जरा हळू झालो की दुसऱ्याचा पहिला, पुन्हा झटका. चार गिअरवालीचा पहिला गिअर फार आखूड. नेमका माणसाच्या चालीच्या वेगाला ती गिअर बदलायची. दांडा हळू जायच्या खुणेवर ओढून ठेवला तरी पहिला-दुसरा, पहिला-दुसरा चालूच. मोठ्या रस्त्यावर हे कुणाला कळलंही नसतं. खाजाभाईचा हात मात्र दर वेळी दारावरून सुटत होता आणि ठेका चुकत होता.

“हिची चाल मोडती,” तो म्हणाला. “वर बसलेल्या माणसाला दर खेपंला म्होरल्या सीटचं दांडकं धरावं लागंल. नवरदेव काय पोतं हाय का, बांधून ठिवायला?”

मग सायवाली. तीच सडक, तेच पाऊल. तिचा एक गिअर इतका लांब की चालीच्या वेगाला बदलायचा प्रश्नच नाही. सगळा खेळ त्या तेलावर. लोण्यातून सुरी जावी तशी ती निघाली. खाजाभाईची बोटं पत्र्यावर वाजत राहिली आणि हात एकदासुद्धा हलला नाही. थोड्या वेळानं त्यानं डोळेच मिटून घेतले. ऐन हैदराबादच्या रस्त्यावर डोळे मिटून एक लंगडा माणूस गाडीच्या दाराला धरून चाललाय, आणि मागून रिक्षावाले उर्दूत शिव्या देतायत.

“हीच,” तो म्हणाला.

मला राग आला. का येऊ नये? मी मिस्त्री, मला गाडीचं दुखणं नुसत्या कानानं कळतं आणि हा बोटं वाजवून ठरवणार? मी म्हणालो, “खाजाभाई, ही तापणार. वैशाखाचं ऊन, तासन्‌तास मुंगीच्या चालीनं जायचं, आत तेल घुसळत राहणार. तेल जळालं की ही अर्ध्या परण्यात बसेल. मग नवरदेवाला काय खांद्यावर नेणार?”

“आन हिरवी झटका देऊन नवरदेव खाली पाडील, त्याचं काय?”

“धरून बसायचं!”

“कट्यार धरील, नारळ धरील का तुमचं दांडकं धरील?”

आमची चांगलीच जुंपली. दलालानं चहा मागवला. आप्पा सगळं ऐकत चिंचेखाली बसून होते. चहा संपल्यावर त्यांनी बशी खाली ठेवली आणि मला विचारलं, “मिस्त्री, हिरवीचा झटका तुमाला काढता यील का?”

“नाही. तिचा जन्मच तसा आहे.”

“सायवालीचं तेल गार ठिवता यील का?”

“ते... करता येईल. काहीतरी बसवावं लागेल.”

“मग झालं की. जे दुखणं बरं हुतंय त्या दुखण्याचं जनावर घ्यावं.”

जुनी गाडी कशी निवडावी यावर एवढी शहाणी गोष्ट मी दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकली नाही. प्रत्येक जुन्या गाडीत काही ना काही खोड असतेच. बिनखोडीची शोधणारे शोधतच राहतात. पुढं किती गिऱ्हाइकांना मी हाच प्रश्न विचारला असेल, आणि आप्पांचं नाव न सांगता शाबासकी घेतली असेल.

सायवाली माजलगावला आली. मी तिच्या जाळीमागं ट्रॅक्टरचा तेल गार करायचा कूलर बसवला, आणि त्याच्यापुढं एका मोडीत निघालेल्या मोटारीचा विजेवरचा पंखा. कारण मुंगीच्या चालीला पुढून वारा कुठून येणार? हे काम करताना मला जो आनंद झाला तो सांगता येत नाही. मुंबईत शिकलेली विद्या पुन्हा हाताला लागली होती. जेवायलासुद्धा घरी जात नव्हतो. बायको म्हणाली, तिच्यासंगच राहा.

राहता राहिली दांड्यावरची इंग्रजी अक्षरं. स्टिअरिंगच्या चाकाखाली एक दांडा आणि त्याच्यावर पाच अक्षरं : पी, एन, डी, एल, आर. खाजाभाईला उर्दू यायची, मराठी पाट्या यायच्या, इंग्रजीचं नाव नाही. कॅनॉलच्या सडकेवर मी त्याला एकेक खूण शिकवत होतो.

“पी म्हणजे गाडी बांधून ठेवायची.”

“पागा,” खाजाभाई म्हणाला.

“एन म्हणजे इंजिन चालू, पण चाकं मोकळी.”

“निवांत.”

“डी म्हणजे चालायचं, पळायचं.”

“दुडकी.”

“एल म्हणजे चढ-उताराला, जोर लावायचा आणि ताब्यात ठेवायचं.”

“लगाम!” त्याला इतकं हसू आलं की गाडी थांबवावी लागली. शब्द त्याचा, अर्थ माझा. पाच मिनिटांत सगळं पाठ.

“आन ह्ये शेवटचं?”

“आर. रिव्हर्स. मागं घ्यायला.”

त्याचा चेहरा बदलला. “ते बंद करा.”

“बंद कसं करणार? गाडीला लागतं ते.”

“नवरदेव बसल्यावर घोडी मागं घेत न्हाईत, मिस्त्री. एक पाऊल बी न्हाई. आयाबाया आयुष्यभर नावं ठिवतात. आन तुमचं ह्ये आर लगामाला चिकटूनच हाय. घाईत हात गेला म्हंजे?”

बोलणं खरं होतं. मी एल आणि आरच्या मधे पत्र्याची एक पट्टी बसवली, नवरदेव उतरल्यावर सरकवायची. कारखान्यात बसून ती गाडी आखणाऱ्या साहेबाला ही पट्टी कशासाठी ते काही केल्या समजलं नसतं.

पहिली सुपारी धर्मापुरीची निघाली. नवरदेवाचे वडील माणिकराव, मोठे शेतकरी आणि तेवढेच मोठ्या आवाजाचे. उघड्या मोटारीची हौस त्यांचीच. पण खाजाभाई लंगडत येऊन चाकामागं बसताना दिसला आणि ते भडकले. “आप्पा, ह्ये काय? पाय नसलेला माणूस मोटार चालवणार? माझ्या पोराला खड्ड्यात घालता का?”

आप्पा म्हणाले, “चालवणार तर तेच.”

माणिकरावांनी आपली जीप मागवली. तिला नाकापासून मागपर्यंत दोन्ही अंगांनी झेंडूचा हार बांधून परण्यामागं उभी केली. म्हणाले, “ह्यानं एक जरी झटका दिला तर पोराला जीपमधी बसवीन, आन आप्पा, पुन्हा ह्या पंचक्रोशीत तुमची मोटार कुणी लावनार न्हाई, ह्ये बी सांगून ठिवतो.” माणसं ऐकत होती. म्हणजे आता नुसती गाडी नव्हती; खाजाभाईचं सगळंच त्या एका दुपारवर आलं होतं. झटका बसला तर उद्यापासून चाकामागं दुसरा कुणी, आणि खाजाभाई बकऱ्यांमागं.

परण्या निघाला. मी गाडीच्या बाजूनं चालत होतो, नाक गाडीकडं लावून, कारण जळकं तेल आधी नाकाला कळतं. पहिला तासभर तर काय सांगू! दिंद्रुडचा बँड दणक्यात वाजतोय, पोरं नाचतायत, आणि सायवाली खाजाभाईच्या हाताखाली अशी चालतेय की सीटच्या पाठीवर बसलेल्या नवरदेवाचं बाशिंगसुद्धा हलत नाही. गाणं संपलं की खाजाभाई दांडा निवांतवर घ्यायचा. गाणं सुरू झालं की दुडकी. घराघरांच्या मातीच्या छपरांवर, माळवदांवर, बाया गोळा झाल्या होत्या. जवळ उभा असलेला एक म्हातारा म्हणाला, “मोटार हाय का पालखी!” ऊर भरून आला माझा, खोटं कशाला सांगू.

मग मारुतीच्या गल्लीचा चढ आला. तिथंच पोरांना जोर चढला. चढावर, गाडीच्या अगदी नाकासमोर, नाचणारे घट्ट झाले आणि हलेनात. मागून माणसांचा लोंढा. खाजाभाई गाडी रेसवर धरून होता, ना पुढं ना मागं, आणि आत तेल घुसळत होतं. पंखा भणभणत होता. माझ्या नाकाला तो वास आला.

मी पुढं वाकलो. “खाजाभाई, निवांत करा! ब्रेक धरा, आन रेस देत ऱ्हावा, तेल फिरू द्या!”

निवांतला रेस दिली की पंप तेल कूलरमधून फिरवतो, गाडी थंडावते. पण रेस द्यायला पाय उचलला की ब्रेक सुटणार आणि गाडी चढावरून मागं येणार, नवरदेवासकट. दुसऱ्या माणसाला दुसरा पाय असतो. खाजाभाईनं डाव्या हातानं हँडब्रेकचा दांडा ओढला, खटका लागत नव्हता म्हणून तसाच धरून ठेवला, उजव्या हातानं निवांत केलं, आणि मग पाय रेसवर नेला. गाडी तसूभर मागं आली नाही. कपाळावरून घाम डोळ्यांत जात होता. एक हात ब्रेकवर, दुसरा दांड्यावर; पुसायला हात मोकळा नव्हता. मी माझ्या उपरण्यानं पुसला.

माणिकराव गर्दीतून आले. “काय झालं? थांबली ना शेवटी? आणा रे ती जीप!”

खाजाभाईनं मान वर केली. बँडमास्तरकडं बघून असा ओरडला की माळवदावरच्या बायासुद्धा दचकल्या : “बाजा बंद!”

परण्यात बाजा बंद करा म्हणायची छाती गावच्या सरपंचाचीही नसते. पण बँडमास्तर त्या आवाजाला वर्षानुवर्षं ओळखत होता. ढोल थांबला, ट्रंपेट थांबलं. बाजा थांबला की नाचणारा माणूस काय करणार? उघडा पडतो बिचारा. पोरं तशीच हात वर करून उभी राहिली.

माणिकराव लालबुंद झाले. “कुणाला इचारून बंद केला रे?”

खाजाभाईनं आवाज खाली आणला. “दादा, तुमाला बी मीच नेलतं मारुतीला. ह्याच चढाला. तवा घोडीला धाप लागली म्हणून बाजा बंद करून उभं केलतं का न्हाई? तवा तर तुमी वरून तिची मान थोपटलती. आता हिला धाप लागलीय. जरा दम खाऊ द्या. पोरानू, कडंला व्हा, भिंतीला लागून. एकदा लगाम ओढला की मग मी मारुतीपर्यंत थांबणार न्हाई.”

माणिकरावांनी स्वतःच हात पसरून पोरांना मागं सारायला सुरुवात केली.

सगळी गल्ली गप्प. फक्त इंजिनाचा आणि पंख्याचा आवाज. मी कूलरच्या नळीला हात लावून बघत होतो. चटका कमी होत होता. मी मान हलवली. खाजाभाईनं दांडा एलवर घेतला, रेस थोडी वाढवली, गाडीनं नाक उचललेलं त्याला जाणवलं आणि मगच हँडब्रेक सोडला. सायवाली निघाली. ना झटका, ना मागं सरकणं. नवरदेव दोन्ही हातांत कट्यार आणि नारळ धरून सरळ बसलेला. दोन्ही बाजूंना भिंतीला चिकटलेली माणसं, मधून ती लांबलचक गाडी एका दमात चढ चढून गेली आणि मारुतीपुढं उभी राहिली. खाजाभाईनं पागा केलं. मग मागं वळून बोट वर केलं, आणि बँड असा फुटला की देवळातल्या घंटा ऐकू येईनात.

नवरदेव उतरला. त्याची आत्या ताट घेऊन पुढं आली आणि थबकली. घोडी असली की तिच्या पायावर पाणी घालतात आणि तिला भिजवलेली डाळ चारतात. हा आत्याचा मान. आता पाय कुठला आणि तोंड कुठलं? पोरं खिदळली. कुणीतरी पुढच्या जाळीकडं बोट दाखवलं. माणिकराव म्हणाले, “अगं, ते ऱ्हाऊ दे. ड्रायव्हरला टावेल-टोपी दे, झालं.”

आत्या त्यांच्यावरच उखडली. “डायव्हर कुनाला म्हंतो रं? घोडीवाले हायत ते.” तिनं पुढच्या चाकावर पाणी घातलं. तापलेलं चाक चर्रर्र झालं. मग डाळीची वाटी घेऊन ती खाजाभाईपुढं उभी राहिली. “घे बाबा. घोडीला द्येचं ते तूच खा.”

खाजाभाई गाडीला टेकून उतरला होता. त्यानं दोन्ही हातांची ओंजळ केली आणि तिथंच, सगळ्या गावासमोर, डाळ खाल्ली. खाताना त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि पुसायचं त्याला सुचत नव्हतं. माझं काही वेगळं नव्हतं.

माणिकराव गर्दीतून मागं गेले. मला वाटलं, राग आलाय. ते जीपपाशी गेले, तिचा हार सोडला, आणि सगळाच्या सगळा खांद्यावर टाकून आले. त्यांनी तो खाजाभाईच्या गळ्यात घातला. जीपचा हार तो. माणसाला केवढा होणार! दोन वेढे घातले तरी खाली लोळत राहिला. खाजाभाईला मारुतीच्या पायरीपाशी जायचं होतं, नवरदेवापुढं. त्याचा डावा पाय झेंडूत गुंतायला लागला, तसे आप्पा पुढं झाले, खाली वाकले, हाराची टोकं दोन्ही हातांनी उचलून धरली आणि त्याच्या मागोमाग, त्याच्या पावलानं, चालू लागले.